धुऱ्यावरचे पाच तास

डिसेंबर २०१७ मध्ये आमच्या गावच्या मारुतीच्या पारासमोर उभी राहून मी एक वाक्य बोलले होते. ते वाक्य मी परत घेते आहे. ते असं होतं : "तुम्ही नियम पाळले असते, तर ही अळी आलीच नसती."

समोर चाळीसेक माणसं होती. बहुतेक माझे काका, मामा, शेजारी. माझ्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेला तक्ता होता. गुलाबी बोंडअळीचं जीवनचक्र मी स्वतः रंगवलं होतं : अंडं, अळी, कोष, पतंग. मी अमरावतीला एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते आणि त्या साली अख्ख्या वऱ्हाडात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, घात झाला होता. बाहेरून हिरवंगार, टणक बोंड. नखानं फोडलं की आत गुलाबी अळी सरकी पोखरत बसलेली. शेजारची फाकळी पिवळी पडून चिकटलेली. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. कवडीचा कापूस बोटांनी उकलत नाही, आणि उकलला तरी व्यापारी त्याला भाव देत नाही. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली होती. लोक घाबरलेले होते, आणि अशा वेळी मी त्यांना सांगत होते की चूक तुमची आहे.

बाबा सगळ्यांत मागे, पिंपळाच्या बुंध्याला टेकून बसले होते. ते काही बोलले नाहीत.

आमचं गाव अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आभाळ मोकळं असलं की नरनाळ्याचा किल्ला दिसतो. दक्षिणेला पूर्णेच्या काठचा खारपाण पट्टा लागतो, तिथल्या विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही. आमच्या विहिरीचं पाणी गोडं. पाच एकर काळं वावर, त्यात कपाशी. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली.

मी जीवशास्त्राकडे कशी आले, हे विचारलं की मी आजवर एकच गोष्ट सांगत आले. अकरावीत होते, २०१२ साल. दिवाळीच्या सुट्टीत धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना कडेच्या तासातलं, म्हणजे ओळीतलं, एक बोंड तोडलं आणि दातांनी फोडलं. आत अळी निघाली. मी ती काड्यापेटीत घालून घरी आणली. आधीच्या दिवशी त्याच तासात सापडलेली बारीक अळी पांढरी होती, ही गुलाबी. एकच जात असेल तर रंग वेगळा का? बाबांना विचारलं, शाळेतल्या सरांना विचारलं. उत्तर मिळालं ते बी.एस्सी.ला गेल्यावर : लहान अवस्थेत ती पांढुरकी असते, वाढीच्या शेवटच्या अवस्थेत तिच्यावर गुलाबी पट्टे येतात. दोन वर्षं जपलेल्या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर मिळालं आणि मला वाटलं, आपल्याला आयुष्यभर हेच करायचं आहे.

त्या गोष्टीत मी एक प्रश्न कधी विचारलाच नाही. आमचं सगळं वावर बीटीचं होतं. आणि २०१२ मध्ये बीटीवर गुलाबी अळी आमच्याकडे सापडत नव्हती. मग कडेच्या तासात ती आली कुठून?

एम.एस्सी. झालं, पीएच.डी.ला नाव नोंदवलं. त्या वर्षांत माझं एक पक्कं मत होतं की विज्ञान करायचं तर बाहेरचं आयुष्य बाहेरच ठेवावं लागतं. हे मत मला कुणी एकानं शिकवलं नाही. आजूबाजूला सगळे तसेच राहत. जो रविवारी प्रयोगशाळेत दिसतो तो खरा, जो सणाला घरी जातो तो कच्चा. मी चार वर्षं पहिल्या वेचणीच्या सीतादहीला घरी गेले नाही. चुलत बहिणीचं लग्न चुकवलं, कारण त्या आठवड्यात माझ्या अळ्या कोषात जाणार होत्या. घरून फोन आला की मी व्हरांड्याच्या टोकाला जायची, कारण आईशी बोलताना तोंडून "मले", "तुले" निघायचं आणि ते सोबतच्यांनी ऐकू नये असं मला वाटायचं. हळूहळू आईशीही मी "मला", "तुला" बोलू लागले. ती काही म्हणाली नाही. पण तिचे फोन लहान होत गेले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वसतिगृह रिकामं झालं. माझ्या अळ्या २७ अंशांच्या कपाटात, सरकीचं पीठ आणि अगार घालून शिजवलेल्या खाद्यावर वाढत होत्या. दर तिसऱ्या दिवशी खाद्य बदलावं लागे. मी गावी आले आणि परत जाता येईना. अकरा पिढ्या जपलेली ती वसाहत मेली, हे मला फोनवर कळलं. मी मागच्या अंगणात जाऊन रडले. आईला वाटलं, कुणी माणूस गेलं.

मग दहावीनंतर पहिल्यांदा मी एक आख्खा खरीप घरी राहिले. सरकी लावताना दोरी धरली, डवऱ्यामागून चालले, पात्या आल्या तशा मोजल्या. ऑगस्टच्या शेवटी पहिली डोमकळी दिसली. गुलाबी अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून धाग्यांनी बांधते, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. पुस्तकात ते चित्र शंभर वेळा पाहिलं होतं. वावरात मला ते आईनं दाखवलं. चालता चालता तिनं ते तोडलं, चुरगाळलं आणि पुढे गेली. ती रोज सकाळी असं करत होती, गेली तीन वर्षं. माझ्या तक्त्यावर "डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात" ही ओळ होती.

ऑक्टोबरात पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही झाली. पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि मग बाया ओट्या बांधून तासाला लागल्या. मीही लागले. दुपारपर्यंत माझी बोटं बोंडांच्या टोकांनी सोलली. वेचणीची मजुरी किलोवर असते. ज्या तासात कवडी जास्त, त्या तासात हात भरत नाही, म्हणजे बाईची मजुरी बुडते. हे मला कुठल्याही व्याख्यानात कुणी सांगितलं नव्हतं.

त्या हंगामाचा हिशेब लिहायचं काम बाबांनी मला दिलं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ दरवर्षी कृषी संवादिनी नावाची डायरी काढतं. पिकांची माहिती आणि लिहायला कोरी पानं. बाबांकडे तिच्या जुन्या प्रती फडताळात रचलेल्या होत्या, प्रत्येकीत त्या त्या सालचा हिशेब. मागच्या सालांचे आकडे बघावेत म्हणून मी एकेक काढत गेले. २०१२ च्या डायरीत जूनच्या पानावर बाबांचं अक्षर होतं : "धुरा ५ तास बिगर बीटी." नोव्हेंबरच्या पानावर : "धुऱ्याच्या तासाले कवडी. बाया वेचत नाही."

मी ते पान बराच वेळ धरून बसले. म्हणजे बाबांनी नियम पाळला होता. आमच्या गावात तो पाळणारे कदाचित ते एकटेच असतील. आणि माझी काड्यापेटीतली अळी त्याच पाच तासांतली होती.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, कारण माझी चूक समजायला ते लागेल. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. पण लाखो अळ्यांत एखादी त्या प्रथिनाला न जुमानणारी निघते. तिचा पतंग तसल्याच दुसऱ्या पतंगाशी जुळला तर सगळी पिल्लं तशीच निपजतात. म्हणून नियम केला : बीटीच्या भोवती पाच तास साध्या कपाशीचे लावा. तिथं साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग न जुमानणाऱ्यांशी जुळतील, आणि संकरातली पिल्लं बीटी खाऊन मरतील. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटीच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम साध्या सरकीचं पाकीट येई. अमेरिकन बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते, तिला असा आसरा आपोआप मिळतो. गुलाबी अळी आपल्याकडे जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. तिच्यासाठी ते पाच तास हाच काय तो आसरा.

शास्त्र बरोबर आहे. ते मी आजही शिकवते. मी जे मोजलं नव्हतं ते त्या संध्याकाळी मोजलं. पाच एकरांचं चौकोनी वावर, चार फुटांवर तास. भोवती पाच तास म्हणजे सुमारे पाऊण एकर जमीन. ती नांगरायची, निंदायची, खत घालायचं आणि अळीला खाऊ द्यायची. त्यातून वाचलेले साधे पतंग उडून जाणार शेजाऱ्याच्या वावरात, आणि फायदा होणार सगळ्या शिवाराचा. तोटा मात्र ज्यानं तास लावले त्याचा एकट्याचा. मोबदला नाही, विमा नाही, कुणी बघायलाही येत नाही. पाच एकरवाल्या माणसाकडून आपण तालुक्याच्या भल्यासाठी पाऊण एकर मागत होतो, आणि त्यानं ते दिलं नाही तर त्याला अडाणी म्हणत होतो.

मी बाबांना विचारलं, पुढच्या साली का नाही लावलं?

"लावलं न. तूर लावली धुऱ्यावर. तुरीची दाय तरी होते," ते म्हणाले. "अळीले दान द्याले आपल्याजोळ काय मोठी जहागीर हाय?"

"मग त्या दिवशी पारावर बोलले काहून नाही? मी सगळ्यांले म्हटलं, तुमी नियम पायले नाही म्हणून."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. "पोरगी पयल्यांदा चार माणसांत उभी राहून बोलत होती. तिले मधात कोन तोडते?"

मी तीन वर्षांनी त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

त्यानंतरची पानं उलटणं मला जड गेलं. मी पारावर आणखी एक गोष्ट ठासून सांगितली होती : फरदड घेऊ नका. डिसेंबरात कपाशीचा मुख्य हंगाम संपतो. विहिरीला पाणी असलं की लोक दोन पाणी देतात, झाड पुन्हा पाती धरतं, मार्च-एप्रिलपर्यंत थोडाफार कापूस निघतो. ती फरदड. अळीच्या दृष्टीनं याहून सोयीचं काही नाही. चार-पाच महिने शिवारात कपाशी नसली तर तिची साखळी तुटते. फरदड ती साखळी जोडून देते. यातला शब्दही खोटा नाही. डायरीत मात्र असं होतं : एप्रिल २०१५, "फरदड ४ क्विं. कॉलेज." एप्रिल २०१६, पुन्हा तेच. मार्च २०१७, "फरदड ६ क्विं. अमरावती."

मुख्य कापसाचा पैसा सोसायटीच्या कर्जाला, दुकानदाराच्या उधारीला आणि घराला जात होता. माझी बी.एस्सी., माझं वसतिगृह, माझ्या खानावळीचे पहिले महिने, ज्या पुठ्ठ्यावर मी "फरदड टाळा" असं लाल अक्षरांत लिहिलं तो पुठ्ठासुद्धा, सगळं फरदडीच्या पैशातलं. उन्हाळ्यात हातात येणारा तो एकच रोख पैसा होता आणि कॉलेजची फी जूनमध्ये भरावी लागते.

पुढचे दोन महिने मी खूप वाचलं. नेट पकडायला गच्चीवर जाऊन बसायची. गुलाबी बोंडअळीच्या किड्याला शास्त्रीय नाव मिळालं ते १८४३ मध्ये, भडोचहून पाठवलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे तो जगाला पहिल्यांदा कळला तो आपल्याच देशातल्या कापसावरून. अमेरिकेत तो १९१७ मध्ये टेक्सासात सापडला आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं कापूस पट्ट्यातून त्याचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. मी पूर्वी हे उदाहरण फार अभिमानानं द्यायची : बघा, शिस्त पाळली की काय होतं. आता नीट वाचलं. तिथं विमानांतून वंध्य पतंग सोडले, कामगंधाचा वापर केला, ठरावीक तारखेच्या आत पीक गाडण्याची सक्ती केली, सगळ्या प्रदेशात एकाच वेळी. खर्च सरकारनं आणि शेतकऱ्यांनी मिळून उचलला. एकट्या शेतकऱ्याच्या भल्या वृत्तीवर कुणी काही सोडलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला आधीच दिसायला हवी होती, कारण ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची आहे. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात बीटी कपाशीचे सरळ वाण आहेत. आपल्याकडे जवळजवळ सगळं संकरित, बियाणं दरवर्षी विकत घ्यायचं. संकरित झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते. त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरक्यांत मेंडेलचं ९:३:३:१ हे गुणोत्तर उतरतं. सोळा सरक्यांत सरासरी एक अशी, जिच्यात दोन्हींपैकी एकही प्रथिन नाही; सहा अशा, ज्यांत एकच. गुलाबी अळी सरकीच खाते. बिनविषाच्या सरकीवर ती जरा मोठी झाली की पुढचं विष पचवायला तयार होते. मेंडेलचे वाटाणे मी परीक्षेत आकृतीसह लिहून पूर्ण गुण मिळवले होते. तेच गुणोत्तर आमच्या वावरातल्या बोंडात बसलेलं आहे, आणि ते तिथं शेतकऱ्यानं ठेवलेलं नाही, हे मला शिकल्यावर सहा वर्षांनी कळलं. जास्त दिवसांचे संकरित वाण आले तेही त्यानं मागून घेतले नव्हते, बाजारात तेच होते. सोबतचं १२० ग्रॅमचं पाकीट मी एकदा कुंड्यांत लावून पाहिलं. त्याचा फुलोरा बीटीच्या फुलोऱ्याशी जुळला नाही. फुलंच एका वेळी नसतील तर पतंग एका वेळी कुठून येणार?

मग मी माझ्या संशोधनाचा विषय बदलायची परवानगी मागितली. कपाटातल्या अळ्यांना किती विष दिल्यावर त्या मरतात, हे मी मोजत होते. आता मला पतंग कुठून येतात हे मोजायचं होतं. घरामागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगापाशी, जिनिंगच्या आवाराबाहेर, धुऱ्यावर आणि वावराच्या मधोमध कामगंध सापळे लावले. पऱ्हाट्यांचा ढीग म्हणजे आईच्या चुलीचं वर्षभराचं जळण, आणि त्यातल्या वाळक्या बोंडांत अळ्या झोपून असतात. मी अमरावतीला असले की सापळे बाबा बघत. ओळीनं तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हा निकष त्यांना मी एकदाच सांगितला. संवादिनीत त्यांनी स्वतःच चार रकाने आखले.

मला कुणी विचारतं, शेती आणि घर सांभाळून पीएच.डी. कशी होते, वेळ जात नाही का? वेळ जातो. माझा प्रबंध दोन वर्षं उशिरा झाला आणि त्याची मला किंमत मोजावी लागली. एक शिष्यवृत्ती मुदत संपून गेली. तरीही मी पूर्वीसारखी कोंडून राहिले असते तर प्रबंध वेळेवर झाला असता आणि त्यात एक चुकीचं वाक्य ठामपणे छापलं गेलं असतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी पुन्हा पारासमोर उभी राहिले. तक्ता नेला नाही. पाच वर्षांपूर्वी इथं जे बोलले ते चूक होतं, असं सांगितलं. २०१२ मध्ये आमच्या वावरात पाच तास लावले होते आणि त्यांचं काय झालं, तेही सांगितलं. बाबा मागेच बसले होते. एक म्हातारे काका म्हणाले, "ते झालं. मंग आता काय करा लागते, ते सांग."

मी सांगितलं ते पूर्वीचंच होतं. कमी दिवसांचं वाण लावा, डोमकळ्या तोडा, सापळे बघा, डिसेंबरात पऱ्हाटी काढा. पण या वेळी आम्ही आधी हिशेब मांडला : ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यानं फरदडीऐवजी उन्हाळी भुईमूग घेतला तर जूनमध्ये हातात काय राहील, बियाण्याला आधी पैसा कुठून येईल, आणि ज्याला पाणीच नाही त्याचं काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. तो मी कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीत दोनदा विचारला आहे, पुन्हा विचारणार आहे.

जीवशास्त्र शिकून गावोगाव तक्ते घेऊन जाणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. बोलायला उभं राहण्याआधी त्या गावातल्या एका घरचा गेल्या पाच वर्षांचा हिशेब वाचायला मागा. लोक देतात.

त्या हंगामात आमच्या वावरातली पऱ्हाटी २२ डिसेंबरला निघाली. शिवारात तोवर आणखी अकरा जणांची निघाली होती.